परीक्षा आहे म्हणून मुलीला कोंडू नका

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे वेळापत्रक लागले की आपल्या मोहल्ल्यातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येते : "इम्तिहान सिर पे है, अब बाहर फिरना बंद." मुलगा असो की मुलगी, ऐकवले दोघांनाही जाते. लागू मात्र होते फक्त मुलीला. मुलगा दिवसातून दोन-तीनदा तरी मशिदीत जातो, नाक्यावर चहा पितो, झेरॉक्स आणायला मित्राच्या गाडीवर बसून जातो, रात्री अभ्यासिकेतून चालत घरी येतो. मुलगी घरात असते. कॉलेज सुरू असते तेव्हा तिच्या वाट्याला घरापासून रिक्षा स्टँडपर्यंतचे अंतर, गेटपासून वर्गापर्यंतचे अंतर आणि दोन-तीन जिने एवढे तरी चालणे येते. अभ्यासाची सुट्टी लागली की तेही संपते.

म्हणजे ज्या तीन-चार आठवड्यांत तिचे डोके सगळ्यात ताजे असायला हवे, नेमके तेच आठवडे ती पलंगावर, पाठीला उशी लावून, मांडीवर गाईड घेऊन काढते. भरदिवसा ट्यूबलाइट लावलेली असते, कारण खिडकी गल्लीकडे उघडते आणि गल्लीकडची खिडकी आपण बंद ठेवतो. याला आपण काळजी म्हणतो. मी याला कोंडणे म्हणते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दहावी होऊन गेलेल्या मुली कॉलेजात गेल्यावरही कधी मराठीच्या पेपरासाठी, कधी एखादा अर्ज भरायला येतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांना अभ्यास कसा चाललाय असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "टीचर, सुबह से रात तक घर मेंच हूँ, फिर भी कुछ याद नहीं रहता." त्या वाक्यातला 'फिर भी' मला खटकतो. तिथे बऱ्याच अंशी 'इसीलिए' हवा.

हे माझे मन सांगते म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शारीरिक हालचालींविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अठरा वर्षांवरच्या माणसाने आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी, असे त्यात सांगितले आहे. मध्यम वेग म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतके झपझप चालणे. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तर दिवसाला सरासरी 60 मिनिटे सांगितली आहेत, आणि एफवायला बसणाऱ्या काही मुली अजून त्याच वयाच्या असतात. 150 मिनिटांना सातने भागा. दिवसाला साधारण 22 मिनिटे होतात. जी मुलगी रोज 12 तास पुस्तकासमोर बसते, तिला 22 मिनिटे देता येत नाहीत असे म्हणणाऱ्याने तिच्या हातातला मोबाइल दिवसात किती वेळ चालू असतो तेही मोजावे.

चालण्याने नेमके काय होते? हृदयाची गती वाढते, मेंदूला रक्ताचा पुरवठा चांगला होतो, मनावरचा ताण उतरतो, आणि रात्री झोप गाढ लागते. यातले शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे, कारण दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. जी मुलगी दिवसभर हललीच नाही तिला रात्री झोप येत नाही. मग ती दोन वाजेपर्यंत जागते, फजरला कशीबशी उठते, पुन्हा झोपते, दहाला डोके जड घेऊन उठते, आणि घरचे म्हणतात, "पढ़ाई का टेन्शन है."

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्‌झ या दोघांनी केलेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्या माणसांना नव्या कल्पना जास्त सुचतात, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम काही काळ टिकतो, असे त्यात दिसले. मात्र एकच ठरलेले उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून गच्चीवर येरझाऱ्या घालत व्याख्या पाठ करा, असे माझे म्हणणे नाही. चालून या, आणि मग बसा, एवढेच म्हणणे आहे.

आता भाषेकडे वळते, कारण तो माझा प्रांत आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडा, जिथे पोरे पहाटे जोर-बैठका काढतात. शब्द एकच, अरबीतून आलेला, 'इल्म'च्या घराण्यातला. उर्दूत 'रियाज़ी' म्हणजे गणित आणि 'रियाज़त' म्हणजे कष्ट, साधना. मराठीत 'रियाज' म्हणजे गायकाचा सराव. आणि अरबीत याच घराण्यातला शब्द आज खेळ आणि व्यायाम यांसाठी वापरला जातो. गणित सोडवणारा, गाणारा आणि व्यायाम करणारा यांना या शब्दांनी एका ओळीत बसवले आहे. आपण दोन्ही भाषा बोलतो, दोन्ही अर्थ आपल्या जिभेवर आहेत, आणि तरी मुलीला म्हणतो की आधी तालीम घे, शरीराचे नंतर बघू.

महाराष्ट्रात याचा नमुना दूर शोधायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगची सोय केली. त्याच राजाने खासबागेचे कुस्ती मैदान बांधले, ते 1912 साली पुरे झाले. गरीब पोरांना शिकवायचे असेल तर वह्या-पुस्तकांबरोबर शरीरही घडले पाहिजे, हे त्यांच्या कारभारात दिसते. आणि आणखी मागे जायचे तर इब्ने सीना आहे. त्याचे नाव आपण दवाखान्यांना देतो, शाळांना देतो. त्याच्या 'अल्-कानून'मध्ये आरोग्य राखण्याच्या उपायांत व्यायामाला पहिले स्थान आहे. मग आहार, मग झोप. आपल्या घरातल्या परीक्षेच्या दिवसांत आहाराची काळजी असते, बदाम भिजतात, दूध येते. झोपेबद्दल थोडेफार बोलले जाते. ज्याला त्याने पहिले स्थान दिले त्याचे नावही निघत नाही.

आता दीनची गोष्ट, कारण शेवटी वाद तिथेच येऊन थांबतो. अब्दुल्लाह बिन अम्र हे सहाबी रोज रोजा ठेवत आणि रात्रभर इबादतीत उभे राहत. पैगंबरांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी समजावले की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचाही आहे. ही हदीस बुखारीत आहे आणि आपल्या शुक्रवारच्या बयानांत अनेकदा सांगितली जाते. इबादतीचाही अतिरेक जिथे थांबवला गेला, तिथे 'अपेक्षित' प्रश्नसंचाचा अतिरेक कोणत्या आधारावर चालतो? हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर पैगंबरांनी धावण्याची शर्यत लावली होती, तीही दोनदा. पहिल्यांदा आयेशा जिंकल्या, पुढे काही काळाने पैगंबर जिंकले. ही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. बाईने धावणे म्हणजे बेहयाई, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढी एक रिवायत नीट वाचावी.

इथे काही जण म्हणतील, आणि म्हणतातच, की पाच वेळची नमाज हाच उत्तम व्यायाम आहे, वेगळा कशाला? मला हे बोलणे नमाजचा मान वाढवणारे वाटत नाही. नमाज इबादत आहे. तिला कवायत म्हणून विकायची गरज नाही. दिवसभरातल्या 17 फर्ज रकातींत शरीर वाकते, सांधे हलतात, हे खरे. पण त्यात छाती भरून येईल असा सलग वेळ नसतो, आणि नसावाही, कारण तिथे शांतता हवी. नमाजबरोबर जे खरे चालणे होते ते घरापासून मशिदीपर्यंतचे, आणि ते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुलांच्याच वाट्याला आहे. मुलगी मुसल्ला पलंगाशेजारीच अंथरते.

दुसरे उत्तर अम्मी-दादींकडून येते : "घर का काम करती है ना, वही कसरत है." घरकामात शरीर हलते, मी नाकारत नाही. पण मग एक सरळ प्रश्न विचारते. परीक्षेच्या दिवसांत 'अभ्यास आहे' म्हणून भावाला पाण्याचा ग्लासही उचलावा लागत नाही, आणि बहीण दोन्ही वेळच्या पोळ्या लाटून पुस्तक उघडते. तिच्यासाठी घरकाम ही अभ्यासातली विश्रांती नाही, तो अभ्यासातून कापलेला वेळ आहे. आणि तेही त्याच चार भिंतींत, त्याच धुरात, त्याच हाकांमध्ये. चालायला जाणे म्हणजे वीस मिनिटे कुणाची हाक ऐकू न येणे. ते घरकामातून मिळत नाही. ज्यांना घरकाम हीच कसरत वाटते त्यांनी ती कसरत परीक्षा नसलेल्या भावाला द्यावी.

तिसरे उत्तर सगळ्यात जड आहे : "माहौल ठीक नहीं." यात खरेपणा आहे. नाक्यावर पोरे उभी असतात. सार्वजनिक बागेत चार बुरखे एकत्र दिसले की भुवया उंचावणारेही असतात, आणि गेल्या काही वर्षांत ते वाढले आहेत. हा लेख वाचणाऱ्या मुस्लिमेतर वाचकांना मला एवढेच सांगायचे आहे की बागेत चालायला आलेल्या त्या मुलीकडे दुसऱ्या कुठल्याही मुलीकडे पाहाल तसेच पाहा, तेवढी मदत पुरेशी आहे. आणि तिचा बुरखा काढल्याशिवाय ती चालू शकणार नाही, हा युक्तिवादही इथे नको. बुरख्याखाली बूट घालून झपझप चालणाऱ्या कितीतरी बाया मी पाहते. अडथळा कापडाचा नाही, परवानगीचा आहे.

पण माहौल खराब आहे, तर तो सुधारायचा कोणी? नाक्यावर उभी असतात ती आपलीच पोरे. त्यांना हटकण्याऐवजी आपण मुलीला आत बोलावतो, कारण ते सोपे आहे. वाईट वागणारा रस्त्यावर मोकळा आणि काहीही न केलेली घरात बंद, असा हा न्याय आहे. आणि परीक्षा हे त्या न्यायावरचे सोयीचे पांघरूण आहे. परीक्षा संपल्यावर तरी तिला कोणी मैदानावर पाठवते का? तेव्हा दुसरे वाक्य तयार असते : "अब रिश्ते आने लगे हैं."

एक गोष्ट विशेष सांगायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. जी मुलगी घरातच असते तिला आपले रक्त कमी आहे हे कळतही नाही, कारण दम लागावा असे ती काही करतच नाही. ती आळशी आहे, तिचे लक्ष लागत नाही, तिला झोप फार येते, असे घरचे समजत राहतात. मग पेपरच्या दिवशी कडक उन्हात तिसऱ्या मजल्यावरचा हॉल गाठताना तिला चक्कर येते. जी मुलगी रोज चालते तिला आठ दिवसांत कळते की आपण दोन जिन्यांत थकतो, आणि मग हिमोग्लोबिन तपासायला जाण्याची बुद्धी होते. मुलीला असा दम लागत असेल तर आधी रक्त तपासा, औषध द्या, आणि मग चालणे हळूहळू वाढवा. पण हे कळण्यासाठी तरी तिला चालू द्यावे लागेल.

मुलांबद्दलही दोन शब्द, कारण तेही फार बरे नाहीत. ते बाहेर असतात, पण बाहेर बसलेलेच असतात. अभ्यासिकेतली प्लास्टिकची खुर्ची, तासातासाला चहा, कुणाच्या तोंडात गुटखा, आणि रात्री दोनला घरी. क्रिकेट मात्र 'परीक्षा संपेपर्यंत बंद'. बाप टर्फवर जाऊ देत नाही आणि नाक्यावरचा चहा त्याला दिसत नाही. अर्धा तास खेळून घामाघूम होऊन आलेला मुलगा दहाला झोपला असता, हा हिशोब कोणी करत नाही. पण मुलाला निदान नियम मोडता येतो. मुलीला तेही जमत नाही, म्हणून हा लेख तिच्यासाठी आहे.

मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मग चालायचे कधी, असे विचाराल. वेळ आपल्याला दीननेच काढून दिली आहे. फजरची नमाज झाल्यापासून सूर्य वर येईपर्यंत तासभर तरी गारवा असतो. त्यातली वीस-पंचवीस मिनिटे चालण्याची, मग आंघोळ, नाश्ता, आणि सातला पुस्तक उघडायचे. रमजान परीक्षेच्या काळात आला तर इफ्तारच्या आधी थोडे हळू चालावे किंवा इफ्तारनंतर पोट हलके झाल्यावर. दुसऱ्या दिवशी पेपर असतानाही आपली मुले तरावीहला तासभर उभी राहतात, आणि कोणी त्यांना वेळ वाया गेला असे म्हणत नाही. म्हणजे परीक्षेच्या काळातही वेळ काढता येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कशासाठी काढायचा हे ठरवायचे असते.

आता कोणी काय करायचे ते बोलू.

घरात : अभ्यासाच्या वेळापत्रकात चालणे हा विषय म्हणून लिहा, वेळेसकट. अम्मीने किंवा खालाने सोबत जावे, त्यांनाही याची गरज आहेच. बाहेर शक्य नसेल तर गच्ची आहे. गच्चीही नसेल तर पाऊण तास बसल्यावर पाच मिनिटे उठणे, जिना चार वेळा चढणे-उतरणे, दोरीवरच्या उड्या, हे तर दहा बाय दहाच्या खोलीतही होते. मान आणि पाठ आखडलेली मुलगी दोन-तीन तासांचा पेपर लिहिताना शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही. तिला उत्तर येत असते, बसवत नसते.

मोहल्ल्यात : आपल्या संस्थांच्या उर्दू शाळांना मैदाने आहेत. शाळा सुटली की त्यांना कुलूप लागते. शादीखाने लग्नाचे दिवस सोडले तर रिकामे पडलेले असतात. सकाळी एक तास, फक्त मुलींसाठी आणि बायांसाठी, एक फाटक उघडायला किती खर्च येतो? एक चौकीदार आणि एक जबाबदार बाई, एवढेच. जलशाच्या मांडवासाठी आपण एका संध्याकाळी हजारो रुपयांची वर्गणी जमवतो. एका महिन्याच्या चौकीदाराचा पगार त्यापेक्षा जास्त होणार नाही. आणि इमाम साहेबांना माझी विनंती आहे की परीक्षेच्या आधीच्या एखाद्या जुम्याला कामयाबीच्या दुआबरोबर शरीराच्या हक्काची ती हदीसही बयान करा, आणि मुलींचे नाव घेऊन करा. बाप तुमचे ऐकतात.

कॉलेजात : प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना फी असते. मुलगी ती तीन वर्षे भरते आणि अनेकदा जिमखान्याचे दार एकदाही न बघता पदवी घेऊन जाते. परीक्षेच्या काळात ग्रंथालय जास्त वेळ उघडे ठेवतात, ते योग्यच आहे. त्याच काळात जिमखाना आणि मैदान मुलींसाठी सकाळी उघडे ठेवा. तिच्याच पैशाचे आहे ते.

ज्यांना अजूनही हे सगळे चोचले वाटतात त्यांनी एवढेच सांगावे की तिला कोंडून काय मिळाले? एटीकेटी कमी झाल्या का? डोकेदुखीच्या गोळ्या कमी झाल्या का? पेपरच्या आदल्या रात्रीचे रडणे थांबले का? थांबले असेल तर मी गप्प बसते. नसेल तर यंदा तीन आठवडे दुसरे काहीतरी करून बघा. हॉल तिकीट आले आहे, पहिल्या पेपरला अजून वेळ आहे. आज इशानंतर ट्रस्टच्या सेक्रेटरींकडे जा आणि शाळेच्या फाटकाची किल्ली मागा. एकट्याने मागू नका, चार बाप मिळून मागा. उद्या फजरनंतर मुलीला उठवा, आणि तिला बूट घालायला सांगा.